गॅलरीतल्या कुंड्यांविषयी

कोथरूड, पुणे
१२ जून

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार.

नव्या घराला पूर्वेची गॅलरी आहे आणि वहिनींना तिथे कोथिंबीर-पुदिना लावायचा आहे, हे वाचून आनंद झाला. काय लावावे, असे तू विचारले आहेस. पण माझ्या मते ते खुडायचे कसे, हे आधी ठरवावे.

सुरुवात पुदिन्याने कर. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या खालची पाने काढून पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. त्याला पसरट कुंडी दे आणि तीही स्वतंत्र, कारण त्याचे धुमारे शेजारच्या रोपाला जगू देत नाहीत. खुडताना पानांच्या जोडीच्या किंचित वर काडी कापावी, म्हणजे त्या पेरातून दोन फुटवे निघतात. नुसती पाने ओरबाडली, तर उघडी काडी उंच होत जाते आणि कुंडी विरळ दिसू लागते.

कोथिंबिरीचे तंत्र निराळे आहे. धणे लाटण्याने हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि कायमच्या कुंडीतच पेरावेत, कारण सोटमूळ असल्याने हे रोप उपटून दुसरीकडे लावलेले सोसत नाही. बाहेरच्या काड्या कापाव्यात, मधला कोंब राखावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिला लगेच दांडा येतो, पाने दोऱ्यासारखी बारीक होतात आणि ती फुलून जाते. पावसाच्या माऱ्याने कोवळी रोपे आडवी होतात. मंडईत जुडीचा भाव चढतो तेव्हाच नेमकी घरची साथ देत नाही! म्हणून गणपतीनंतर संक्रांतीपर्यंत दर पंधरवड्याला मूठभर पेरत राहावे.

गवती चहा बुडापासून चार बोटे राखून कापावा. पात धारदार असते, बोट सांभाळ.

कढीपत्त्याचे रोप मात्र रोपवाटिकेतूनच आण. थंडीत ते रुसल्यासारखे थांबते; फेब्रुवारीअखेर शेंडा छाटला की बाजूने फांद्या फुटतात. तो लिंबाच्याच कुळातला असल्यामुळे लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या त्यावरही येतात. लहानपणी ती अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवीगार होऊन पानांत लपते. पाने आपल्या फोडणीत जाणार असल्याने औषध मारू नकोस, अळ्या हातानेच वेचाव्यात.

पाणी बोटाने माती चाचपूनच घाल. पुदिन्याच्या काड्या माझ्याकडून ने, येताना फक्त ओला रुमाल आण.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत