कालचीच डाळ

गुरुवार, रात्री साडेनऊ

प्रिय सुमे,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चक्क कागदावर लिहिलंस, म्हणून मीही पेन शोधून काढलं. दोन ओळींतच बोटं भरून आली बघ. पुढच्या महिन्यापासून तूही माझ्यासारखी वृद्धाश्रमात आजी-आजोबांचे कार्यक्रम घ्यायला जाणार हे वाचून फार बरं वाटलं. तुझी मागणी वाचून मात्र हसू आलं. "आठवडाभर काय काय घेता त्याची यादी पाठव."

अगं, अशी यादी चार वर्षांपूर्वी मीही केली होती. सोमवारी हलके व्यायाम, मंगळवारी भजन, बुधवारी हस्तकला, असं रंगीत स्केचपेननं लिहून भिंतीवर लावली होती. पहिल्याच बुधवारी कागदाची फुलं करायला घेतली. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी ते फूल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मी दुसरीच्या मुलांकडून करून घ्यायचे." उठून गेल्या नाहीत, पण ते गुडघ्यांमुळे. माझ्या भिडेनं नव्हे.

पण तो अपमान काहीच नाही. माझी खरी फजिती डाळीची. सगळ्या आज्या स्वयंपाकघराजवळ घुटमळतात हे मी पाहिलं होतं. म्हणून चौघींना ताटात तूरडाळ दिली, निवडायला. काय रमल्या! तासभर गप्पा, हात चालूच. दुसऱ्या दिवशी निवडायला डाळच नव्हती. आता सगळी पाकिटातलीच येते, तिला निवडायचं काय असतं? मी काय केलं, आदल्या दिवशीचे खडे जपून ठेवले होते ते त्याच डाळीत परत मिसळले आणि ताटं पुढं केली. असं आठवडाभर चाललं. शनिवारी पलूसकडच्या आजींनी एक काळा खडा दोन बोटांत धरला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बाई, ही कालचीच डाळ हाय. ह्यो खडा माझ्या वळखीचा हाय."

सुमे, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवसापासून एकच गोष्ट पक्की केली. खोटं काम द्यायचं नाही. हाताला काम हवं असतं हे खरं, पण त्याची कुणाला तरी गरज असायला हवी. ते त्यांना लगेच कळतं. नजर अधू झालेली असते, अक्कल नाही.

आता आमच्याकडे मेथी, गवार, मटार जे दुपारच्या जेवणात खरंच लागणार तेच निवडलं जातं, आणि जेवताना "आजची गवार कोणी मोडली, शिरा राहिल्यात" अशी भांडणंही होतात. ती होऊ देते. फुलवाती आणि तेलवाती वळायचं काम तर बारा महिने चालतं. त्या गावातल्या दोन देवळांत जातात. चातुर्मासात एका बाईंच्या लक्षवातींचा नेम होता, तो सहाजणींनी मिळून पुरा केला. ज्यांच्या बोटांना संधिवात, त्या मोजणी करतात आणि शंभराशंभराच्या जुड्या बांधून घेतात. मोजणीत चूक सापडली की काय आनंद होतो त्यांना!

यात एक काटा आहे, तो आधीच सांगते. आमच्या एका आजींचा मुलगा आला आणि ऑफिसात तावातावानं बोलला. आम्ही महिन्याला पैसे भरतो आणि तुम्ही आईला भाजी निवडायला बसवता? त्याचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. कामवाली मावशी सुट्टीवर आहे म्हणून आजींना बसवलं, असं एकदा जरी झालं तरी ती वेठच. म्हणून आमचा नियम असा, की आजींनी हात लावला नाही तरी स्वयंपाक वेळेवर झालाच पाहिजे, आणि "आज नको" म्हटलं की दुसऱ्यांदा विचारायचं नाही. त्या आजी मुलासमोर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी साडेनवालाच ताट घेऊन ओट्याजवळ येऊन बसल्या.

वेळेचं म्हणशील तर सकाळी दहा ते साडेअकरा हा एकच काळ सोन्याचा. आंघोळी झालेल्या असतात, नाश्ता पोटात असतो. पण सकाळी लघवी होण्याची गोळी घेणारे बरेच असतात, त्यांना दाराजवळच्या खुर्च्या द्यायच्या. नाहीतर माणूस मध्ये उठायच्या लाजेनं यायचंच बंद करतो आणि आपण म्हणत बसतो की यांना आवडच नाही. खुर्चीला हात हवेतच. तू खिडकीकडे पाठ करून उभी राहू नकोस, तुझा चेहरा काळा दिसतो आणि ज्यांना ऐकू कमी येतं ते ओठांवरूनच अर्धं समजून घेत असतात. माइक तर नकोच. कानातल्या यंत्रातून त्याचा नुसता गोंगाट ऐकू येतो. आठ-दहाजणांपेक्षा जास्त नकोत, आणि चाळीस मिनिटं झाली की कितीही रंगलं तरी चहा.

बाहेरच्या पाहुण्यांपासून मात्र जप. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो. गेल्या खेपेला त्या एका दिवसात चार मंडळं आली. चौघांनी केळी वाटली, चौघांनी फोटो काढले, आणि दोघांनी आजोबांना टाळ्या वाजवत नाचायला उभं केलं. निम्मी मंडळी मधुमेहाची! मी आता फोनवरच सांगते, एक ऑक्टोबर नको, जूनमधला एखादा पावसाळी मंगळवार घ्या, आणि केळ्यांऐवजी दोन तास द्या, पत्ते खेळा. दहातले आठजण परत फोन करत नाहीत. जे दोघं येतात ते कायमचे आपले होतात. कॉलेजचा एक मुलगा दर पंधरवड्याला येतो आणि मेंढीकोटमध्ये हरून जातो. मुद्दाम नाही, खराच हरतो. म्हणून तर सगळे त्याची वाट बघतात.

सणांचं तुला वेगळं सांगायला नको. आश्विनातला भोंडला तर जमतोच. पाटावरचा हत्ती मध्ये, भोवती खुर्च्यांचं रिंगण, फेर नाही धरला तरी गाणी पाठ असतात. जिला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही तिला गाण्याचं पुढचं कडवं येतं. आणि खिरापत ओळखायला तर आजोबाही येतात. हळदीकुंकवाचं मात्र जपून कर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ते वाचून मला स्फुरण चढलं होतं. पुढच्या संक्रांतीला मी सगळ्यांना कुंकू लावायला निघाले. निम्म्याजणींचे डोळे भरले, खोटं कशाला सांगू, माझेही. पण एका आजींनी माझा हात धरून खाली केला. "चाळीस वर्षं पाळलं ते तुझ्या ठरावासाठी मोडू?" मग त्यांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. कुंकू पुढच्या वर्षीही लावून घेतलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता पुरुष. यांचं तुला जड जाणार. बायकांचं काम त्यांच्याबरोबर आश्रमात येतं, पुरुषांचं ऑफिसातच राहतं. पेपर वाचून झाला की दिवस संपला. आमच्याकडे एक एसटीतले कंडक्टर काका आहेत. विसराळूपणा बराच वाढलाय. दुपारभर गप्प असतात, पण पाच वाजून उन्हं उतरली की उठतात आणि थेट गेटकडे. "गाडी सुटेल." स्मृतिभ्रंशाच्या माणसांना संध्याकाळी असं होतं खूपदा. गेटवरचे मामा त्यांना धरून आणायचे, काका हात झटकायचे, एकदा तर मामांच्या श्रीमुखात बसली. मी मात्र त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसायचे. अंगठा आणि दोन बोटं सारखी उघडमीट, उघडमीट. मला वाटायचं कंप आहे.

एका रात्री एकदम डोक्यात आलं. मशीन येण्याआधीचा तो पंच गं! तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, जो कंडक्टर रिकामा असला तरी सीटच्या दांडीवर टकटक वाजवायचा. पुण्याला गेले तेव्हा बुधवार गाठून जुन्या बाजारात शोधला. दीडशे रुपयांना मिळाला, गंजलेला. मशिनचं तेल घातलं, लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या आणि पावणेपाचला त्यांच्या हातात दिला. काहीच बोलले नाहीत. दोनदा हवेत टकटक केलं, व्हरांड्यातल्या पहिल्या खुर्चीशी गेले आणि विचारलं, "कुठं?"

त्या खुर्चीत मुख्याध्यापिका बाई. मला वाटलं आता काही तरी लागट बोलणार. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "वाई. एक फुल."

आता रोज पाचला आमची गाडी सुटते. प्रत्येकजण आपापलं गाव सांगतो. वाईचं तिकीट फाडलं की काका थांबे म्हणतात, कात्रज, शिरवळ, खंडाळा, घाट, सुरूर, आणि सुरूरला उतरून पुढं कसं जायचं यावर बाकीच्यांची जुंपते. कुणाचं माहेर, कुणाची बदलीची गावं, कुठल्या स्टँडवरचा वडा. एक आजोबा मात्र "काय ही नाटकं" म्हणून खोलीत जातात, जाऊ देते. काही दिवशी काकाही पंच फेकून गेटकडे निघतात. अशा वेळी मी आणि मामा त्यांच्याबरोबर चिंचेच्या झाडापर्यंत चालत जातो आणि परत येतो.

परवा मीही पट्टी मागितली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं त्यांनी. म्हणाले, "तुम्ही रोजच्याच. पास असेल की तुमचा."

तू दिवाळीनंतर ये, चार दिवस राहा, मग तुझी यादी तूच कर. येताना जमला तर देवकापूस आण किलोभर. आमच्या परसातली बोंडं संपलीत आणि सहाजणी माझ्या जिवावर उठल्यात.

तुझी,
होस्टेलच्या अकरा नंबरातली