वय वंदना कार्ड आणि दुसरा अंगठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

70 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. 29 ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. कुटुंबातल्या 70 वर्षांवरील सर्वांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत मिळतात, जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून. त्यासाठी आधारकार्ड पुरतं आणि नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. इंदूरच्या मराठी वस्त्यांत आईवडील इथे आणि मुलं पुण्या-बंगळुरूला अशी घरं पुष्कळ. 'घरी येऊन कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्यांचं तिथेच फावतं.

'ओटीपी कोणाला सांगू नका' हे आता ज्येष्ठांनाही पाठ झालं आहे. अंगठ्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढंच पुरतं. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत रक्कम निघू शकते. उतारवयात बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे मशीनवर ठसा पहिल्या खेपेला न उमटणं अगदी नेहमीचं. नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. पहिला अंगठा खरोखर कार्डासाठी. मग 'काका, आला नाही, परत एकदा ठेवा,' आणि तेवढ्यात लॅपटॉपवर पैसे काढण्याचं पान उघडलेलं असतं. खात्याला जोडलेला नंबर मुलाचा किंवा बंद पडलेला असला, की मेसेजही आजोबांपर्यंत पोचत नाही.

यावर उपाय म्हणजे आधी कुलूप, मग कार्ड. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करा. मग ठसा, बुबुळ, चेहरा यांपैकी कशानेही आधारची पडताळणी होत नाही, ओटीपीने मात्र होते. त्यानंतर घरच्याच कोणीतरी आयुष्मान ॲपवर लाभार्थी म्हणून लॉगिन करून 70 वर्षांवरील नोंदणी निवडावी आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी स्वतः टाकावा. फोनवर कोणी मागितला तर देऊ नये. मेसेजमध्ये रक्कम किंवा खात्याचा उल्लेख असेल तर तो ओटीपी कार्डाचा नाही, तिथेच थांबावं. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात जोडून घ्यावा. नोव्हेंबरात हयातीच्या डिजिटल दाखल्यासाठी चेहरा किंवा ठसा द्यावा लागतो, तेव्हा लॉक तात्पुरतं उघडता येतं. काम झाल्यावर पुन्हा बंद झालं का, ते पाहावं.

67-68 वर्षांच्यांना 'आधारवर वय वाढवून देतो' असं सांगणारेही आहेत. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. ती खोटी झाली की पेन्शन आणि बँकेच्या नोंदींशी मेळ बसत नाही आणि निस्तरायला वर्षं जातात. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस (त्यांच्यासाठीची सरकारी आरोग्य योजना) आणि हे कार्ड यांतलं एकच निवडावं लागतं. 'दोन्ही चालतील' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडूच नये.

शंका आली तर आधारच्या संकेतस्थळावर गेल्या 6 महिन्यांतल्या पडताळण्यांची यादी दिसते, कार्डाच्या दिवशी जास्तीची नोंद आहे का ते त्यात कळतं. पासबुकात 'एईपीएस' (आधारवरून झालेला व्यवहार) अशी अनोळखी ओळ दिसली तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर परत मिळण्याची आशा जास्त असते. योजनेबद्दलची तक्रार 14555 वर.

महापालिकेने झोन कार्यालयांत ठसा न घेता चेहऱ्यावरून किंवा ओटीपीने नोंदणी करणारी खिडकी ठेवावी. बँकांनी पेन्शनच्या खिडकीशीच खातेदाराला विचारावं: आधारवरून पैसे काढण्याची सोय तुम्हाला हवी आहे का? बहुतेकांनी ती कधी वापरलेलीच नसते. नको म्हणणाऱ्यांची ती तिथल्या तिथे बंद करावी.

कळावे,
ज्येष्ठांच्या कार्डनोंदणीत मदत करणारे कार्यकर्ते, इंदूर