‘मुलींचेही सामने झाले’

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या (४ ऑगस्ट २०२४) अंकात क्रीडापानाच्या तळाशी, टायरच्या जाहिरातीच्या डोक्यावर, ‘फ्रान्सच्या पुरुषांनी जपानला लोळवले’ ही बातमी वाचली. ओळी मोजल्या, सात भरल्या. शेजारच्या फोटोत कुणीतरी हवेत लाथ झाडताना दिसतो. ज्युदोत लाथ मारत नाहीत हो! तो कराटेवाला तुमच्या कपाटातला जुना फोटो असावा. बातमीतही खेळाचे नाव ‘ज्युदो-कराटे’ असेच आहे, जणू भेळ-पाणीपुरी.

फोटोचे सोडून देते. पण ‘पुरुषांनी’ हा शब्द कुठून आला? शनिवारी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये झाली ती ज्युदोच्या मिश्र सांघिक स्पर्धेची अंतिम लढत. एका संघात तीन पुरुष, तीन स्त्रिया. घरात बाकीच्यांचे दुसऱ्या दिवशीच्या गटारीचे बेत चालले होते आणि मी स्वयंपाकघरात मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ती सगळी लढत पाहिली. जपान ३-१ ने पुढे होता. त्या तीन गुणांतले दोन बायकांचे. रिका ताकायामाने फ्रान्सच्या डिकोला हरवले आणि नात्सुमी त्सुनोदाने सिसिकला. ही त्सुनोदा कोण? ४८ किलो गटाची ऑलिम्पिक विजेती. इथे ती ५७ किलोच्या गटात उतरली आणि त्या गटात पदक मिळवलेल्या बाईला हरवून बसली. ज्याने कधी मॅटवर पाय ठेवलाय त्याला नऊ किलोंचा फरक म्हणजे काय ते विचारा.

पुढे फ्रान्सच्या गाबाने चक्क ऑलिम्पिक विजेत्या हिफुमी आबेला पाडले आणि क्लारिस अग्बेन्येनूने ताकाइचीला हरवून ३-३ केले. मग बरोबरी मोडायला कोणत्या गटाने पुन्हा लढायचे याची चिठ्ठी निघाली ९० किलोंवरच्या पुरुषांची, फ्रान्सच्या टेडी रिनेरने जपानच्या सैतोला दुसऱ्यांदा हरवले आणि आपण फोटोओळीत लिहून मोकळे झालात की ‘रिनेरने सुवर्ण आणले’. अग्बेन्येनू हरली असती तर ४-२ होऊन जपान तिथेच जिंकला असता. रिनेर बाकावर बसून टाळ्या वाजवत राहिला असता. सात ओळींत तिला एक शब्दही मिळू नये?

जागा नव्हती म्हणाल. मनू भाकर यांचे तिसरे पदक थोडक्यात हुकले, ते पहिल्या पानावर आले, बरोबरच आहे. स्वप्नील कुसाळे नाशिकमध्ये नेमबाजी शिकले, त्यांना शुक्रवारी अख्खे पान दिलेत, वाचून छाती भरून आली. पण रविवारच्या पान तीनवर मटणाचा भाव आणि दुकानांपुढच्या रांगा यांना चार कॉलम होते. त्यात सुधारणा सुचवण्याची माझी प्राज्ञा नाही.

एवढी का चिडले ते सांगते. १९८८ साली मी १९ वर्षांची होते आणि ५२ किलोत खेळत होते. तेव्हा ज्युदोचा तयार ड्रेस नाशिकमध्ये मिळणे कठीण. रविवार कारंजावरच्या एका शिंप्याने जाड कापडाचा शिवून दिला होता आणि आईने त्याची कॉलर गोधडीसारखे टाके घालून दुहेरी केली होती, कारण पहिल्याच आठवड्यात ती एका मुलीच्या मुठीत फाटून आली होती. मॅट म्हणजे काथ्याच्या गाद्या आणि वर ताणलेला कॅनव्हास. रोज कोपरे सोलवटायची. रात्री खोबरेल लावून झोपायचे, सकाळी चादर चिकटलेली.

त्या वर्षी पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. सकाळपासून मुलांच्या फाइट चालल्या. आम्ही आठ वाजता वजन देऊन बसलेल्या, उपाशी. आमचे नाव पुकारले तेव्हा साडेपाच वाजले होते आणि सात वाजता तिथे कुणाच्या तरी लग्नाचे स्वागत होते. मग आमच्या फाइट दोन-दोन मिनिटांच्या केल्या. माझ्या अंतिम फाइटमध्ये मी जळगावच्या मुलीला खाली घेऊन दाबून धरले. पंच म्हणाले, ‘ओसाएकोमी’, म्हणजे पकड बसली, मोजा. तेव्हा पूर्ण गुणासाठी ३० सेकंद धरून ठेवावे लागे. आता २० लागतात. मी मनात आकडे म्हणत होते. सत्तावीस म्हटले आणि माझ्या डाव्या पायाखालची गादी हलली. मांडववाल्याची दोन पोरे ती उचलत होती! पंच ‘मात्ते’ ओरडले. सगळे थांबले. नियमाने २५ सेकंदांना वाझा-आरी, म्हणजे पूर्णच्या खालचा गुण, व्हायची, म्हणजे मीच पुढे होते. पण घड्याळ बघणारे गृहस्थ चहाला गेले होते, सांगणार कोण?

दोघींना संयुक्त विजेत्या ठरवले. पदक मात्र एकच. ते तिला दिले, कारण तिला रात्रीची बस पकडायची होती. मी नको म्हटले नाही, ती मुलगी रडायच्या बेतात होती. वधूकडच्या एका बाईंनी आम्हाला गुलाबपाण्याचा शिडकावा केला, तेवढा सत्कार झाला.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी चहा गार होऊ दिला आणि पेपरात माझे नाव शोधले. (आपला पेपर नव्हे, दुसरा. नाव घेत नाही.) मुलांच्या सगळ्या वजनगटांचे पहिले, दुसरे, तिसरे आले होते, अगदी गावांसकट. शेवटी एक वाक्य होते: ‘मुलींचेही सामने झाले.’ वडिलांनी ते कात्रण तरीही कापले. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या पिशवीत ते अजून आहे, पिवळे पडले आहे.

गंमत बघा, त्याच साली सोलच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांचा ज्युदो पहिल्यांदा आला, तोही प्रात्यक्षिक म्हणून. पदके १९९२ ला बार्सिलोनात. पुरुषांचा ज्युदो १९६४ ला टोकियोत आला होता. मधली वर्षे २८. हा आकडा आपल्याला आवडतो असे दिसते, कारण शनिवारच्या अंकात भारताची ज्युदोपटू तुलिका मान हिच्याबद्दल ‘२८ सेकंदांत खेळ खल्लास’ असा ठळक मथळा होता. हरली ती इदालिस ऑर्तिझकडून. क्यूबाच्या या बाईंकडे २००८ ते टोकियोपर्यंतची चार ऑलिम्पिक पदके आहेत. आणि तुलिकाला २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळाले होते, तसेच सुशीला देवीलाही. तेव्हा किती सेंटिमीटर दिले होते ते आपणच काढून बघा. हरताना मात्र सेकंदासकट मोजमाप!

आमच्या कॉलनीतल्या दोन मुली हल्ली ज्युदोला जातात. त्यांतली धाकटी रविवारी सकाळी तुमचा पेपर घेऊन माझ्याकडे आली आणि विचारू लागली, ‘काकू, मिश्र म्हणजे पुरुषच का?’ मी तिला काय सांगणार? म्हटले, बाळा, छापणाऱ्याची चूक झाली असेल. आपल्या वतीने मी सारवासारव केली आहे याची नोंद घ्यावी.

तरी शुद्धिपत्र छापावे ही विनंती. आणि ते छापणारच असाल तर शनिवारच्या शब्दकोड्याचेही छापा. आडवा १४, ‘नदीचा काठ’, चौकोन तीन, आणि रविवारी उत्तर दिलेत ‘तीर’. मी ‘किनारा’ लिहून बसले होते, त्यापायी उभे ९ आणि उभे ११ दोन्ही बिघडले.

कळावे,

आपली जुनी वाचक (१९९१ पासून, मध्ये एक वर्ष बंद केला होता),
पंचवटी, नाशिक
५ ऑगस्ट २०२४, श्रावणी सोमवार