जर्मनचा वर्ग चालू राहावा म्हणून

सस्नेह नमस्कार.

आपल्या हायस्कूलमध्ये जर्मन शिकणाऱ्या मुलांची एक ऑनर सोसायटी, म्हणजे चांगले गुण मिळवणाऱ्यांची मानाची संस्था, आहे, हे बहुतेक पालकांना ग्रॅज्युएशनच्या दिवशी कळतं. शेजारच्या मुलाच्या गळ्यात काळी-लाल-सोनेरी दोरी दिसते आणि मग विचारणा होते, ‘‘हे कसलं?’’ आमचंही तसंच झालं होतं. आता त्याच सोसायटीच्या पालक समितीत आम्ही आहोत आणि आज तुमच्याकडे मदत मागतो आहोत.

ही राष्ट्रीय सोसायटी, नाव डेल्टा एप्सिलॉन फाय. अमेरिकेतल्या जर्मन शिक्षकांची जी संघटना 1926 साली स्थापन झाली, तिच्यामार्फत ही हायस्कूलच्या मुलांसाठी चालते. कॉलेजवाल्यांची वेगळी आहे, डेल्टा फाय अल्फा. ती 1927 साली दक्षिण कॅरोलायनातल्या वोफर्ड कॉलेजात सुरू झाली. आपल्या सोसायटीत जर्मनचं पहिलं वर्ष संपवून पुढे गेलेल्या, जर्मनमध्ये उत्तम आणि बाकी विषयांत चांगले गुण असलेल्या मुलांना सभासद करून घेतात. ‘राष्ट्रीय’ हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर मोठं ऑफिस येतं, पण आपल्या शाखेचं सगळं साम्राज्य म्हणजे जर्मनच्या वर्गातलं एक कपाट. त्यात कंदिलांचे कागद, जुने शब्दकोश आणि एक कुलूप बिघडलेली पैशांची पेटी. नियम आणि प्रमाणपत्रं वरून येतात, बाकीचा खटाटोप जर्मनच्या बाई आणि मुलं करतात.

थोडं स्पष्ट बोलतो. आपल्या मराठी घरांत ऑनर सोसायटी म्हणजे कॉलेजच्या अर्जातली एक ओळ, असा हिशेब असतो. तो चुकीचा नाही; आम्हीही तोच केला होता. पण गेल्या हिवाळ्यात शाळेकडून निरोप आला की पुढच्या वर्षी पुरेशी नावं आली नाहीत तर जर्मनचा पहिला वर्ग उघडणार नाही. पहिला उघडला नाही की दोन वर्षांत तिसरा बंद आणि मग चौथा. तेव्हा धावपळ केली ती सोसायटीच्या मुलांनी. आठवीच्या मुलांकडे जाऊन त्यांनी जर्मनमध्ये एक ते वीस मोजायला शिकवलं, 6 डिसेंबरच्या संत निकोलाउसची बूट भरून खाऊ ठेवण्याची गोष्ट सांगितली, आणि विषय निवडायच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत टेबल मांडून बसली. वर्ग वाचला. यंदा पुन्हा तेच करायचं आहे. ही काळजी फक्त आपल्या शाळेची नाही. 2016 ते 2021 या पाच वर्षांत अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये जर्मन घेणारे विद्यार्थी 33 टक्क्यांहून अधिक घटले.

ही भाषा इथे याआधी एकदा जवळजवळ पुसली गेली होती. पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेतल्या हायस्कूलमधली चारांतलं जवळपास एक मूल जर्मन शिकत असे. युद्ध आलं आणि ती शत्रूची भाषा ठरली. 1922 पर्यंत हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली गेलं. नेब्रास्काने 1919 साली कायदाच केला की आठवी पार न केलेल्या मुलाला कुठल्याही शाळेत, खासगी असो की चर्चची, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाने दहा वर्षांच्या एका मुलाला बायबलच्या गोष्टींचं जर्मन पुस्तक वाचायला शिकवलं म्हणून त्याला 25 डॉलर दंड झाला. तो दंड भरून गप्प बसला नाही. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि 4 जून 1923 रोजी कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. मुलांना परकी भाषा शिकवण्याचा शिक्षकाचा आणि शिकवून घेण्याचा आईबापांचा हक्क सरकारला असा काढून घेता येणार नाही, असं त्यात ठरलं. आपण रविवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये मुलांना बाराखडी गिरवायला बसवतो ना, नेब्रास्काचा तो कायदा शब्दशः लावला असता तर तोही गुन्हाच ठरला असता. मेयर मास्तरांचं आपल्यावर ऋण आहे ते असं.

आणि जर्मन आपल्या मुलांना वाटते तितकी परकी नाही. देअर, डी, दास ही तीन लिंगं बघून वर्गातली बाकी मुलं डोक्याला हात लावतात. आपली मुलं ‘तो, ती, ते’ म्हणून पुढे जातात. ‘दास किंड’ म्हणजे ‘ते मूल’, दोन्हीकडे नपुंसकलिंग. (‘दास मेडशेन’ म्हणजे मुलगीही नपुंसकलिंगी, हे कळल्यावर आमच्या घरी दोन दिवस भांडण चाललं होतं.) इंग्रजीत वीसनंतर एक येतो, जर्मनमध्ये ‘आइन-उंट-त्स्वानत्सिश’, एक आणि वीस, अगदी आपल्या एकवीससारखं. एकोणतीसला मात्र गाडी घसरते. सगळ्यांत गंमत या वाक्याची: ‘वाइल इश हॉयटं म्यूडं बिन’. शब्दाला शब्द ठेवा: कारण मी आज दमलेली आहे. क्रम जरासुद्धा हलवावा लागत नाही. रविवारच्या मराठी शाळेला कंटाळणाऱ्या एका मुलीने हे स्वतः शोधून काढलं आणि तेव्हापासून ती मराठी शाळेला निमूट येते, असं तिची आई सांगते. निमूट म्हणजे किती, ते आईलाच माहीत.

आता पैशांचं. यंदा सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर जर्मन-अमेरिकन लोकांची स्टॉयबेन परेड आहे. 1957 पासून ही परेड निघते. नाव ज्याचं, तो बॅरन फोन स्टॉयबेन प्रशियाचा अधिकारी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1778 मध्ये, व्हॅली फोर्जला वॉशिंग्टनच्या उपाशी, थंडीने गारठलेल्या सैन्याला त्याने कवायत शिकवली, आणि तीही इंग्रजी जेमतेम येत असताना, दुभाषे मध्ये घालून. युद्धानंतर त्याला न्यू जर्सीने दिलेलं घर रिव्हर एजला अजून उभं आहे. मुलांना परेडला जायचं आहे. बसचा खर्च 1,100 डॉलर. ज्या घरांना झेपत नाही अशा मुलांची सभासद फी आणि हिवाळ्यातल्या राष्ट्रीय जर्मन परीक्षेची फी मिळून 400. या परीक्षेत वरच्या क्रमांकात येणाऱ्या मुलांना जर्मनीच्या अभ्याससहलीसाठी अर्ज करता येतो, म्हणून ती कोणाचीही फीपायी चुकू नये असं आम्हाला वाटतं. बारावीच्या मुलांच्या दोऱ्या, प्रमाणपत्रं आणि 11 नोव्हेंबरच्या सांक्ट मार्टिन या सणाच्या कंदिलांचं सामान 250. एकूण 1,750. गेल्या डिसेंबरच्या जत्रेतले 400 हातात आहेत. (खरं सांगायचं तर त्यातले निम्म्याहून जास्त बटाटेवड्यांचे. प्रेत्झेल उरले, वडे अर्ध्या तासात संपले.) म्हणजे कमी पडतात 1,350.

प्रत्येक घराने 25 डॉलर दिले तर 54 घरांत काम होतं. रक्कम मेयर मास्तरांच्या दंडाइतकीच निघाली, हा योगायोग. ज्यांना जास्त देता येतील त्यांनी द्यावेत, ज्यांना पाचच देता येतील त्यांनी पाच द्यावेत. यादी कुठेही लावणार नाही. चेक शाळेच्या विद्यार्थी-उपक्रम खात्याच्या नावाने काढा आणि खाली ‘जर्मन’ लिहा, नाहीतर तो फुटबॉलकडे जातो.

पैशांपेक्षा आम्हाला माणसं जास्त हवी आहेत. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेल्या कितीतरी मावश्या, काकू आणि काका या गावात आहेत. भारतातून नातवंडांकडे आलेले आजी-आजोबाही त्यांत आहेत. ‘‘आता सगळं विसरलो’’ असं सगळेच म्हणतात. विसरलेलं चालेल. मंगळवारी शाळा सुटल्यावर तासभर मुलांशी जर्मनमध्ये गप्पा मारायच्या, इतकंच काम. शाळेचा स्वयंसेवकाचा फॉर्म भरावा लागतो आणि तो मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून नाव आत्ताच द्या. फ्लोरहॅम पार्कला बीएएसएफमध्ये, वुडक्लिफ लेकला बीएमडब्ल्यूमध्ये किंवा अशाच जर्मन कंपनीत कोणी असेल, तर एक दिवस येऊन कामात भाषा कुठे उपयोगी पडते आणि कुठे मुळीच पडत नाही, हे खरं खरं सांगा. मुलांना जाहिरात लगेच कळते.

यंदा गणपतीचे दिवस आणि परेड एकाच आठवड्यात आल्या आहेत. ढोलपथकातली दोन मुलं सोसायटीतही आहेत. त्यांनी सकाळी परेड आणि संध्याकाळी ढोल असं ठरवलंय, तेव्हा आरतीची वेळ अर्धा तास पुढे घेता आली तर मंडळाने कृपया बघावं. बसमध्ये सोबत म्हणून दोन पालक अजून हवे आहेत.

येत्या दोन्ही रविवारी मराठी शाळा सुटताना हॉलच्या दाराशी आमचं टेबल असेल. पेटीचं कुलूप दुरुस्त करणारं कोणी भेटलं तर तेही चालेल.

आपली,
जर्मन ऑनर सोसायटी पालक समिती