प्रिय मित्रास, श्रद्धेविषयी

प्रिय मित्रा,

'एवढा इतिहास वाचूनही तुझा देवावर विश्वास कसा उरतो?' हा तुझा प्रश्न मनातून जात नाही. एका ओळीत उत्तर देणं मला जमणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

धर्माच्या नावाने झालेल्या अत्याचारांची तू केलेली यादी खरी आहे. तीत मीच भर घालू शकतो. १५५३ मध्ये जिनिव्हात मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश धर्मचिंतकाला धर्माविषयीच्या वेगळ्या मतासाठी जिवंत जाळलं, आणि जाळणारे स्वतः रोमच्या धर्मसत्तेविरुद्ध बंड करून उठलेले प्रोटेस्टंट लोक होते. १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक मिळाली आणि १६८५ मध्ये राजा चौदाव्या लुईने ती काढून घेतली. मग कुटुंबंच्या कुटुंबं देश सोडून पळाली. हे वाचताना आजही संताप येतो. पण सर्व्हेटसच्या हत्येविरुद्ध लेखणी उचलणारा सबास्तियन कास्तेलिओही श्रद्धाळू ख्रिस्तीच होता, हे तुझ्या यादीत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दप्तरखान्यात कागद कशाचा उरतो? खटल्याचा, फर्मानाचा, करवसुलीचा, युद्धाचा. आजारी मुलाच्या उशाशी बसून रात्रभर प्रार्थना करणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवणार? सामान्य माणसांच्या मनातलं आपल्याला कळतं तेही बऱ्याचदा त्यांची चौकशी झाली म्हणून. चौदाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये जाक फूर्निये या बिशपने पाखंड्यांच्या जबान्या बारकाईने उतरवून घेतल्या. हाच पुढे पोप झाला. त्या जबान्यांत साध्या गावकऱ्यांच्या शंकाही सापडतात. सगळे डोळे मिटून मानत होते असा काळ कधी नव्हताच बहुधा. म्हणून धर्म म्हणजे केवळ रक्तपात असा निकाल कोणी कागदपत्रांच्या जोरावर दिला, की मला वाटतं, हा निकाल एकाच बाजूचे साक्षीदार तपासून दिलाय.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते जपानने. १६१४ मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पाद्र्यांना हाकललं, जे राहिले त्यांतल्या अनेकांना मारलं. कोण ख्रिस्ती आहे हे ओळखायला येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. लोक पाय ठेवत आणि घरी जाऊन क्षमा मागत. कॅन्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीत ते मरियेला पाहत. प्रार्थना तोंडातोंडी पुढच्या पिढीकडे जात राहिल्या. लॅटिन शब्दांचे उच्चार झिजले, अर्थ विसरले, तरी म्हणणं थांबलं नाही. १८६५ मध्ये नागासाकीत नव्या चर्चमध्ये उराकामीचे काही गावकरी आले आणि फ्रेंच पाद्र्याला हळूच म्हणाले, तुमचं आणि आमचं मन एकच आहे. अडीचशे वर्षं! बंदी तेव्हाही उठली नव्हती. पुढे त्या गावच्या हजारो लोकांना हद्दपारी भोगावी लागली. बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरले.

धर्म हे सत्तेचं हत्यार आहे, हे मी इतिहासाच्या परीक्षेत लिहितो आणि ते पुष्कळदा खरंही असतं. पण या माणसांच्या हाती कुठली सत्ता होती? कुठला लाभ? आणि धर्मस्वातंत्र्य मिळाल्यावरही त्यांतले काही जण चर्चमध्ये परतले नाहीत. वाडवडिलांनी जपलं तेच आमचं, म्हणाले. मला हे नकार देणारे फार जवळचे वाटतात. त्यांची श्रद्धा सिद्धान्तावर नव्हे, ज्यांनी ती जिवावर उदार होऊन सांभाळली त्या माणसांवर उभी होती.

यातून देव आहे हे सिद्ध होत नाही. चमत्काराची कथा आली की मी 'लोक असं मानत' एवढंच लिहितो. माझ्या विषयाची हद्द तिथे संपते. पण हद्द संपली म्हणजे पलीकडे काही नाही, असं मी म्हणणार नाही. मी प्रार्थना करतो. ती कोणी ऐकतं का, हे मला ठाऊक नाही; ती करताना मी अधिक खरा असतो, हे ठाऊक आहे. कोणी माझ्या श्रद्धेच्या नावाने दुसऱ्याला चिरडायला निघाला, तर मात्र मी तुझ्या बाजूला उभा असेन.

तुझी श्रद्धा उडाली म्हणून तू अपराधी वाटून घेतोस, ते सोड. पण ती नेमकी कशावरची उडाली, देवावरची की त्याच्या नावाने बोलणाऱ्यांवरची? पुढच्या पत्रात यावर लिही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुझा,
मित्र