त्या अर्जावर सही करू नकोस

पोर्टलंड, ओरेगन

प्रिय दादा,

नमस्कार. ड्रग्जची पुडी सापडली की थेट आत टाका, जामीनसुद्धा नको, असा अर्ज नागपूरच्या आपल्या सक्करदऱ्यातल्या मंडळींनी काढलाय आणि तुझी सही मागितलीय, हे वहिनीकडून कळलं. सही करू नकोस. एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशेची पावडर, विकणाऱ्यांना पोलिसांनी जरूर धरावं. पण स्वतःपुरतं बाळगणाऱ्या पोट्ट्यांना तुरुंगात घातल्याने जीव वाचत नाहीत, हे मी इथे इमर्जन्सीत नर्स म्हणून बघते आहे.

आत असताना शरीराची सवय मोडते. सुटल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 साली छापून आला. पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या 129 पट! शिवाय भीती. पोलिस येतील म्हणून सोबतचे मित्र फोन न करता पळतात. पेशंट आमच्यापर्यंत येतो तेव्हा ओठ निळे, नखं निळी. नाकात नॅलोक्सोनचा फवारा मारला की बहुतेकदा काही मिनिटांत श्वास परततो, पण त्यासाठी कुणीतरी वेळेत बोलवायला हवं ना. एमडीवर तर हा फवाराही चालत नाही, तो फक्त अफूच्या जातीच्या नशेवर. म्हणजे नागपुरात वेळेवर दवाखाना गाठणं आणखीच गरजेचं.

ओरेगनने 2021 मध्ये थोडं ड्रग्ज बाळगणं गुन्ह्यातून काढून 100 डॉलर दंड ठेवला होता. त्याच सुमारास फेंटॅनिल हे अफूच्या जातीचं फार जहाल ड्रग पसरलं, उपचाराचा पैसा उशिरा पोचला, लोक चिडले आणि 1 सप्टेंबर 2024 पासून गुन्हा परत आला. त्यांचा राग मला समजतो. नुसती शिक्षा काढून भागत नाही, उपचाराची सोय आधी उभी राहावी लागते.

शेजारच्या काकूंच्या व्यसनात अडकलेल्या पोराचं मात्र आजच बघ. आपल्या 1985 च्या एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम 64अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचाराला गेला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर सूट जाते, हेही त्याला नीट सांग. वकिलाशी बोल, 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन कर आणि मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात तू स्वतः सोबत जा. काकूंना एकट्या पाठवू नकोस. त्या लाजेपायी गेटवरूनच परत येतील.

तुझी,
छोटी