गोव्यातल्या होंडा गावच्या मेस्तांना (मिस्त्रींना), आमच्या पिकअपच्या केबिनबद्दल

मेस्त,

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं. पण तुम्ही ते घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं असतंत आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. पावसाळाभर पायाखाली गोणपाट अंथरून जुन्या पिकअप चालवणारे गोव्यात पुष्कळ आहेत. तुमचे आभार मानता मानता त्यांच्याही कामाचं काही निघालं तर बरंच.

आमचा धंदा तुम्ही जाणता. सुपारी, माड, मिरी, जायफळ यांची रोपं. लोकांना ती हवी असतात मिरग लागला की, आणि पोचवायची सत्तरी नाहीतर सांगे तालुक्यात. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाळपईकडे त्याहूनही जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे आमच्या कमाईचे दिवस तेच गाडी गळायचे. पाऊस ओसरेपर्यंत गाडी आडोशाला ठेवा, हा सल्ला आम्हाला काय उपयोगाचा?

दुखणं असं होतं: जोराची सर आली की डाव्या बाजूच्या मॅटखाली पाणी. गाडी चढावर उभी असली तर ते सीटखाली जाई, उतारावर असली तर पुढे डॅशखाली साठे. काचेवर आतून वाफ, केबिनभर कुबट वास. फ्यूजबॉक्स नेमका डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे चोर्ला घाटाच्या वळणांवर वायपर मध्येच थांबतील ही कायमची धास्ती. ज्याला ज्याला गाडी दाखवली त्याने उभ्या उभ्याच औषध सांगितलं: समोरच्या काचेच्या रबराभोवती सिलिकॉन. एकाने काळं लावलं, दुसऱ्याने त्यावर पांढरं. तिसऱ्याने तळाला भोक पाडायला सांगितलं, पाणी आपसूक निघून जाईल म्हणे. हे ऐकून तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. भोकातून पाणी जातं तसं येतंही, चाकाने उडवलेलं, चिखलासकट!

तुम्ही मात्र सिलिकॉनची नळी हातात धरलीच नाहीत. "आदीं पळोवया, मागीर करूंया," आधी बघू, मग करू, एवढंच म्हणालात आणि सीट काढायला घेतलीत. मग मॅट, तिच्याखालचा ओला फेल्ट, दोन्ही दारांचे आतले पुठ्ठे. आमचा ड्रायव्हर मनातून हादरला होता. गाडी दुरुस्त करायला आणली होती की मोडीत काढायला, हे त्याला कळेना.

उघड्या पत्र्यावर लाल रेघा दिसल्या तेव्हा तुम्ही हसलात. आपल्याकडची चिऱ्याची लाल धूळ फटीफटीत बसते, पाण्याबरोबर वाहते आणि वाटेत डाग ठेवते. त्या रेघा मी इतकी वर्षं नुसता मळ म्हणून पुसत आले. तुम्ही त्या बॅटरी धरून खालून वर वाचत गेलात. एक ब्लोअरकडे जात होती, एक काचेच्या कोपऱ्याकडे आणि तिसरी काचेलगतच्या खांबाच्या आत शिरून दिसेनाशी होत होती. कौलारू घरात थेंब पडतो माजघरात आणि फुटलेलं कौल निघतं पडवीवर, तसंच हे, असं तुम्ही म्हणालात. ऐकायला सोपं वाटतं. पण तोवर सगळे थेंब पडतो तिथेच बोट दाखवत होते.

मग पाइपची परीक्षा. बसच्या बॉड्या बांधण्यात तुमची उमर गेली. तिथे नवी गाडी बाहेर पडण्याआधी फवाऱ्याखाली उभी करून बघतात. आमच्यासाठी बागेचा पाइप पुरे झाला. गाडी सपाटीवर, आतला पत्रा कोरडा पुसलेला, त्यावर खडूची पूड भुरभुरलेली, बॅटरी घेऊन माझी मुलगी आत बसलेली. पाणी बारीक धारेने आणि सुरुवात खालून. दाराचा तळ, मग इंजिनाच्या बाजूचा पत्रा, मग काचेखालची जाळी, मग काच, सगळ्यांत शेवटी टप. एका जागी पुरेसा वेळ धरल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आधीच टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. प्रेशरचा पंप तर नकोच. पावसाचं पाणी कधी जाणार नाही तिथेही तो पाणी घुसवतो.

"आलं!" असं आतून मुलगी ओरडली तेव्हा धार जाळीवर होती. जाळी काढली तर खाली सुरूच्या काड्या आणि चिंचेचा पाला गच्च बसलेला. आमची गाडी रात्री चिंचेखालीच उभी असते. तिथलं पाणी बाजूच्या वाटेने खाली रस्त्यावर पडायला हवं. वाट बुजली की ते चढत जातं आणि ब्लोअरच्या तोंडातून सरळ केबिनमध्ये उतरतं. निम्मी गळती मूठभर पाल्याची निघाली, मेस्त! मुठी भरभरून तो पाला तुम्ही माझ्या हातात दिलात, तो मी विसरणार नाही.

दाराचं तुम्ही सांगितलंत ते मला सगळ्यांत नवल वाटलं. दारात पाणी शिरतंच, शिरायचंच. काच खालीवर होते त्या फटीतून ते आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. केबिनमध्ये ते येऊ नये म्हणून पुठ्ठ्यामागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आमचा कागद कधीतरी काचेचं हँडल दुरुस्त करताना कोणीतरी टराटरा फाडला होता, आणि तळाची भोकं रंगाने बुजवली होती. तुम्ही जाड प्लास्टिक कापून ब्युटिलच्या चिकट पट्टीने लावलंत आणि भोकं तारेने मोकळी केलीत. दाराचं रबर नीट दाबतंय का, हे बघायला दहाची नोट दारात धरून दार लावलंत आणि नोट ओढलीत. सगळीकडे ती अडकली, वरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र सुळकन निघाली. बिजागरी थोडी सरकवली तशी तिथेही अडकली. नवं रबर घ्यावंच लागलं नाही.

समोरच्या काचेचा कोपरा हे खरं मोठं काम होतं. काच काढल्यावर रबर बरं निघालं, सडला होता त्याच्याखालचा पत्रा. वरून फासलेल्या सिलिकॉनने पाणी अडवलं नव्हतं, आत कोंडून ठेवलं होतं. सुकताना आंबट वास मारतं ते सिलिकॉन आम्ल सोडतं आणि उघड्या लोखंडाला गंज चढवतं, हे तुमच्याकडून कळलं. वर त्याच्यावर रंग धरत नाही, आणि ते नीट खरवडल्याशिवाय दुसरं काही चिकटतही नाही. ते खरवडण्यात तुमचा किती वेळ गेला ते मी बघत होते. पुढचं तुम्ही भराभर उरकलंत: सडका तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडणं, तारेचा ब्रश, प्रायमर, रंग. रंग पक्का सुकेपर्यंत मात्र काचेला हात लावू दिला नाहीत. मी घाई केली तेव्हा चहा सांगितलात.

काच बसवतानाची दोरी मी कोणाकोणाला सांगितली असेल! रबर काचेला चढवायचं, त्याच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवायची, दोन्ही टोकं आत सोडायची. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून टेकवायची. मग एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं आणि आतल्याने दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसतशी रबराची कड पत्र्यावर उलटून बसते. काचेला टिचकीएवढाही धक्का लागला नाही.

खांबात शिरणारी तिसरी रेघ टपाच्या पन्हाळीची होती. सांध्यातला जुना मसाला तडकला होता. तिथलं पाणी खांबाच्या आतून उतरून डॅशमागे पडे आणि सगळे काचेला दोष देत. तो सांधा तुम्ही पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरलात. आणि निघताना, मी बिल विचारत असताना, ब्लोअर पूर्ण वेगात लावून काचा बंद केल्यात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचा फेस फिरवलात. आत कोंडलेली हवा जिथून सुटेल तिथे बुडबुडे येतात. क्लचच्या केबलपाशी एक बुडबुडा आलाच. तिथलं वाळकं रबरी बूच बदलल्याशिवाय तुम्ही चावी दिली नाहीत.

गाडी पूर्ण कोरडी झाली असं म्हणणार नाही. ड्रायव्हरच्या बाजूला वादळी पावसात अजून थोडं ओलं होतं, आणि तेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत: मागच्या काचेचं रबर या वर्षी चालेल, पुढच्या वर्षी घाला. पण वायपर चालू आहेत, फेल्ट सुका आहे आणि चलन-पावत्या आता डॅशच्या खणात ठेवता येतात.

पैसे तुम्ही पत्रा, रंग आणि सीलंट एवढ्याचेच धरलेत. मजुरीचं विचारलं तर म्हणालात, शेडमागे जागा आहे, चार सुपारीची रोपं दे. काढून ठेवली आहेत, मंगला जातीची, लवकर धरणारी. खड्डे चारही बाजूंनी तीन फूट आणि तेवढेच खोल काढून घ्या, दोन खड्ड्यांत नऊ फूट अंतर ठेवा. शेडच्या पागोळ्या पडतात त्या रेषेत नको, सुपारीला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. आणि नैऋत्येकडून येणाऱ्या दुपारच्या उन्हाने खोडं भाजतात, म्हणून त्या बाजूला आधी केळी लावा. केळीचे मुनवेही पाठवतेय. त्यांचे पैसे घेणार नाही, वाद घालू नका.

तुमची,
फोंड्याची रोपवाली